तीन प्रतिक्रिया सक्तीच्या

अकोल्याचं ते प्रशिक्षण आठवलं की अजून तोंड कडू होतं. विद्यार्थ्यांकडून ऑनलाइन पोर्टलवर ब्लॉग कसे लिहून घ्यायचे, हे शिकवायला आम्हा वऱ्हाडातल्या प्राध्यापकांना एका एसी हॉलमध्ये दिवसभर कोंडलं होतं. कसं लिहावं यावर कोणी अवाक्षर काढलं नाही. शब्दमर्यादा कुठे भरायची, मुदत कुठे टाकायची आणि कोणतं बटण दाबलं की विद्यार्थ्याच्या नावापुढे हिरवी खूण येते, एवढंच शिकवलं. शेवटी एक तयार साचा हातात दिला. प्रत्येकाचा एक ब्लॉग, आणि प्रत्येकाने दुसऱ्यांच्या ब्लॉगवर तीन प्रतिक्रिया द्यायच्या. प्रतिक्रिया नाही तर हिरवी खूण नाही, खूण नाही तर अंतर्गत गुण नाहीत.

आमच्या अमरावतीच्या महाविद्यालयातले समन्वयक सर तो साचा प्रसादासारखा घेऊन आले. मी बी.ए.ला मराठी शिकवते, म्हणून पहिला प्रयोग माझ्या वर्गावर. प्रतिक्रिया ऐच्छिक ठेवू या, असं मी त्यांना म्हटलं.

"मॅडम, तपासणीची कमिटी येऊन राहिली. तिले आकडे लागतात."

"अहो, पण मुलं लिहितील काय त्यात?"

"लिहू द्या ना काहीही. आपल्याले हिरवं झाल्याशी मतलब."

माझ्या हातात फक्त विषय उरला. 'न विसरता येणारा एक दिवस' असा विषय दिला. आपल्या बोलीत लिहिलं तरी चालेल, नेटवरून उतरवलेलं चालणार नाही, हे वर्गात दोनदा बजावलं.

मग जे आलं ते वाचताना किळस आली. धामणगाव रेल्वे या गावाच्या पुढे कधी न गेलेला एक पोरगा हिमालयातल्या सूर्योदयाने भारावून गेला होता. एकीच्या लेखात मधेच 'अधिक वाचण्यासाठी येथे क्लिक करा' होतं आणि त्याखाली केसगळतीच्या तेलाची जाहिरात. ते पुसायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. दोघांचा अविस्मरणीय दिवस तर शब्दन्‌शब्द एकच होता.

एकच लेख खरा होता. तेल्हाऱ्याकडची, वसतिगृहात राहणारी मुलगी. वर्गात फार न बोलणारी. तिने पहिल्याच दिवशी लिहून टाकलं होतं. कापूस वेचून परत येताना मजूर बायांनी खचाखच भरलेला ऑटो उलटला आणि तिची माय गेली, तो दिवस. सकाळी माय म्हणाली होती, चाल माह्यासंगं, दोघींची वेचणी होईन. ही म्हणाली, माहा पेपर हाय. पेपर सोडवून बाहेर आली तर काका फाटकापाशी उभा. मायच्या रुमालात तेव्हाही सरकीसकट कापूस अडकलेला होता, असं लिहून तिने लेख थांबवला होता. रडारड नाही, उपदेश नाही. मी तो दोनदा वाचला आणि पूर्ण गुण दिले.

दोन दिवसांनी प्रतिक्रिया पाहायला पोर्टल उघडलं. सगळ्यात आधी टाकल्यामुळे तिचा लेख यादीत सगळ्यात वर होता, आणि आमची पोरं वरून पहिले तीन लेख धरून मोकळी झाली होती. मायच्या मरणाखाली ओळीने लटकलेलं होतं: 'खूप छान.' 'खूप छान ताई.' 'अप्रतिम, असंच लिहीत राहा.' 'अभिनंदन, पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा', सोबत पुष्पगुच्छाची चार चित्रं. व्हॉट्सॲपच्या गटात सकाळी उठून जे फेकतात तेच इथे फेकलं होतं. एका मुलीने मात्र लेख वाचला असावा. तिने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. मग तिच्यामागच्यांनी तेच उचलून चिकटवायला सुरुवात केली, इतकी की खालच्या लेखातल्या नव्या मोटारसायकलीलाही श्रद्धांजली मिळाली.

वर्गात जाऊन मी सगळ्यांना झापलं. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "मॅडम, छानच म्हटलं ना, वाईट कुठं म्हटलं?" बाकीचे हसले. त्याला खरोखरच कळत नव्हतं. ते जास्त घाण वाटलं.

त्याच दुपारी ती मुलगी स्टाफरूमच्या दारात आली.

"मॅडम, थे काढून टाका जी."

"काय झालं?"

"सरांनी बलावलं होतं. म्हणे सगळ्यात जास्त कमेंट तुलेच हाय. कमिटी आली की मोठ्या पडद्यावर दाखवू, अन् तू बाजूले उभी राहाजो." ती जमिनीकडे पाहत बोलत होती. "म्या थे तुमच्यासाठी लिहिलं होतं. माही माय मेली अन् खाली खूप छान, खूप छान. मी तिथं कशी उभी राहू?"

मी सरळ समन्वयकांच्या खोलीत गेले. ते फ्लेक्सवाल्याशी फोनवर बोलत होते. मी म्हटलं, "सर, तिचा लेख पोर्टलवरून काढायचाय. तो तुम्ही वाचलाय का?"

"वाचू ना. पण मॅडम, आपला एकच ब्लॉग चालला अन् तुमी तोच काढून राहिल्या?"

"तिची आई गेली त्याच्यावर आहे तो."

"अरे वा, म्हणजे भावनिक आहे. कमिटीले आवडन." मग म्हणाले, "काढला तर पोर्टलवर तिचं काम शून्य दिसन, हे पाहा बरं. पोरीचं नुकसान तुमी करून राहिल्या, मी नाही."

त्यांना काही सांगण्यात अर्थ नव्हता. दगडावर पाणी. मी परत आले आणि संगणक उघडला. अकोल्याच्या त्या दिवसाचा एकच उपयोग झाला. मुदत संपलेला लेख एखाद्या विद्यार्थ्यासाठी पुन्हा खुला कसा करायचा, ते मला येत होतं. लेख पुसला तर शून्य, पण मजकूर बदलला तर ब्लॉग, गुण आणि प्रतिक्रिया सगळं जागच्या जागी राहतं. मी तिला शेजारी बसवलं.

"तुझं लिहिलेलं आधी तुझ्या मोबाइलमध्ये घे. घेतलंस? आता इथलं पुसून दुसरं काहीतरी टाक."

"दुसरं काय टाकू, मॅडम?"

"तुझे वर्गमित्र टाकतात तसलं काहीही."

तिने नेटवरून 'पर्यावरण संवर्धन: काळाची गरज' उचललं आणि चिकटवलं. आयुष्यभर पोरांना जे करू नका म्हणून ओरडले, ते माझ्या खुर्चीशेजारी माझ्या देखत झालं. मीच लेखाला पुन्हा कुलूप लावलं.

कमिटी आली. सभागृहात पडदा लागला, समन्वयकांनी अभिमानाने तिचा ब्लॉग उघडला. मथळा बदललाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही, कारण आधीचा त्यांनी पाहिलाच नव्हता. पर्यावरणाखाली 'खूप छान' इतकं शोभून दिसत होतं की जणू त्याच्यासाठीच लिहिलं होतं. कमिटीतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा वर केला.

"ही भावपूर्ण श्रद्धांजली कोणाला?"

समन्वयकांनी पडद्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाले, "निसर्गाले, मॅडम. आमची पोरं लय संवेदनशील आहेत."

बाईंनी मान डोलावून वहीत काहीतरी लिहिलं. टाळ्या पडल्या. मुलगी पडद्याच्या बाजूला हात बांधून उभी होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर पोर्चमध्ये ती भेटली. हातात सत्काराचा पुष्पगुच्छ होता, खराखुरा, प्लॅस्टिकच्या कागदातला.

"याचं काय करू, मॅडम?"

मी व्हरांड्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिने कागदासकट तो आत दाबला आणि गावाकडची बस पकडायला निघून गेली.