प्लॅनिंग रूममधला गेमिंग माउस

"वानखडे, तुमचा माउस दचकतोय."

रेडिएशनच्या डॉक्टर लेले मॅडम एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. मी हॉस्पिटलच्या आयटी सपोर्टमध्ये आहे. प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, की माझ्या नावानं हाका सुरू. त्यातल्या निम्म्या मी चहा संपवून ऐकते. पण प्लॅनिंग रूमचा फोन आला की चहा तसाच टाकून पळते.

त्या खोलीत रेडिएशनची आखणी होते. पेशंटच्या स्कॅनचे पातळ काप स्क्रीनवर येतात, काकडीच्या चकत्यांसारखे. प्रत्येक चकतीवर डॉक्टर माउसनं रेघा काढतात. एक गाठीभोवती, म्हणजे इथे मारा. दुसरी जे वाचवायचं त्याभोवती, म्हणजे इथे सांभाळा. मग आमचे फिजिसिस्ट गोगटे त्या रेघांवरून किरणांचं गणित मांडतात आणि मशीन ते तंतोतंत पाळतं. रेघ कुणाच्या हातून चुकली, याच्याशी मशीनला काही देणंघेणं नसतं.

आणि "तुमचा माउस" कारण तो मी निवडला होता. मॅडमचं मनगट दुखायचं. जुना माउस जड, त्याखाली एका औषध कंपनीनं फुकट वाटलेलं गुळगुळीत मॅट. चकाकत्या पृष्ठभागावर माउसचा सेन्सर गोंधळतो. मी म्हटलं, हलका गेमिंग माउस घेऊ. परचेस डिपार्टमेंटनं माझ्याकडून लेखी मागितलं, की डॉक्टर ड्यूटीवर गेम खेळणार नाहीत. दिलं बाप्पा लिहून.

दुकानातला दाढीवाला सेल्समन म्हणाला, "कुठली गेम खेळता, मॅडम?"

"गेम नाही. रेडिएशनची आखणी आहे."

"स्ट्रॅटेजी गेम आहे का?"

"हो. फक्त हरलो तर परत खेळता येत नाही."

तो मला सगळ्यात जास्त डीपीआयचा माउस विकायला बघत होता. डीपीआय म्हणजे हात इंचभर सरकला की स्क्रीनवरचा बाण किती ठिपके पळतो. मला पळणारा नको होता, सांगितलं तिथे थांबणारा हवा होता. मॅटचंही तसंच. कडक प्लास्टिकवर माउस धावतो, कापडी मॅटवर आवरतो. मी तासभर त्याच्या काउंटरवर रेघा ओढून पाहिल्या. शेवटी एक हलका माउस आणि काळं कापडी मॅट घेतलं. मॅडमनी दोन आठवडे वापरलं आणि म्हणाल्या, "बरं आहे." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

तर त्या बुधवारी सकाळी मी पळत पोचले. मॅडमनी नवी केस उघडली होती. मी माउस हातात घेऊन सरळ रेघ ओढली. बाण नीट चालला, चालला, आणि मध्येच टुणकन बाजूला उडाला. डीपीआयचं बटण चुकून दाबलं गेलं का, पाहिलं. नाही. दुसऱ्या पोर्टला लावला. तेच. मॅट काढून कोऱ्या कागदावर चालवला. तरी उडी.

"शनिवारीही असंच होत होतं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच हात."

मॅडमची आखणी फक्त बुधवारी आणि शनिवारी असते, बाकी दिवस ओपीडी. शनिवारी त्या टेबलावर एकच केस झाली होती. मला ती ठाऊक होती, कारण मला माणूस ठाऊक होता.

धायरीचे पोकळेकाका. वेटिंगमधला टोकनचा स्क्रीन दुरुस्त करायला मी स्टुलावर चढले होते, तेव्हा त्यांनी न सांगता स्टूल धरलं होतं. "पडू नगा, बाई. हितं आधीच गर्दी हाय." नाकामागे गाठ, उजव्या डोळ्याच्या नसेला खेटून. डावा डोळा लहानपणापासून अधू, नुसता उजेड कळतो. "ह्यो एकच चालू हाय," उजव्या डोळ्याखाली बोट ठेवून ते म्हणाले होते. "तेवढा राहू द्या म्हनावं." त्यांचं पहिलं सिटिंग त्याच बुधवारी साडेअकराला होतं. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मी माउस उलटा केला. सेन्सरच्या भोकात इअरबड फिरवला. बाहेर आला तो लाल.

ते लाल काय आहे हे मला वास न घेता कळलं. आदल्या गुरुवारी खंडेनवमी होती. ज्या हत्यारांवर पोट चालतं त्यांची पूजा करायचा दिवस. मोठ्या मशीनला हार घालतात, आणि प्लॅनिंग रूमची पूजा मी हौसेनं मागून घेतली होती. नवा माउस, माझ्या निवडीचा! त्याला कुंकू लावलं, मॅटवर कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. संध्याकाळी माउस पुसला, मॅट झटकलं. काळ्या कापडावर कुंकू दिसत नाही. प्लास्टिकचं मॅट असतं तर एका फडक्यात निघालं असतं. कापडाच्या विणीत ते बसून राहिलं, आणि माउस फिरेल तसं भोकात चढत गेलं.

खरं सांगते, पहिला विचार काकांचा आला नाही. पहिला आला नोकरीचा. इअरबड कुणी पाहिला नव्हता. मॅडम फाइल वाचत होत्या. माउस साफ झालाच होता, मॅट कपाटात टाकलं असतं की विषय संपला. मी इअरबड खिशात घातला.

मॉनिटरवर मशीनच्या खोलीचा कॅमेरा दिसतो. काका आत आले. चष्मा काढून त्यांनी टेक्निशियनकडे दिला, मग तो नीट ठेवला का हे मान वळवून पाहिलं. त्यांना टेबलावर घेतलं. आता तोंडावर जाळीचा मास्क लावणार होते, म्हणजे डोकं हलू नये. मी इअरबड खिशातून बाहेर काढला.

"मॅडम, पोकळेकाकांचं थांबवा."

"काय?"

"शनिवारची आखणी ह्याच माउसवर झालीय. ह्यात कुंकू गेलंय. खंडेनवमीचं."

"पूजा कुणी केली?"

"मी."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी इंटरकॉम उचलला. "गोगटे, पोकळ्यांना उतरवा. आत्ता."

काकांना सांगण्यात आलं की मशीन तपासायचंय. मी रिसेप्शनचा साधा माउस आणून लावला. मॅडम एकेक चकती उघडत होत्या, गोगटे मागे उभे, मी भिंतीला टेकून. पहिल्या काही चकत्या नीट. पुढे दोन ठिकाणी मॅडमनी शनिवारीच रेघ सुधारलेली होती. मला वाटलं, सुटले. मग एका चकतीवर मॅडमचा हात थांबला. नसेभोवतीची रेघ आत घसरली होती. नसेचा एक कोपरा रेघेबाहेर, उघडा.

"हे माझ्या तपासणीत सापडायला हवं होतं," गोगटे म्हणाले.

"सापडलं का?" मॅडम.

एवढ्यानं डोळा गेलाच असता, असं गोगटे म्हणाले नाहीत. गेला नसता, असंही म्हणाले नाहीत. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि येऊन घटनेचा रिपोर्ट लिहायला बसले. आखणी नव्यानं झाली, गणित नव्यानं झालं, काकांचं सिटिंग दोन दिवसांनी सुरू झालं. मला मेमो मिळाला. मॅडमनी पुढचा माउसही मलाच निवडायला लावला. मॅट प्लास्टिकचं घेतलं.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी काका तपासणीला आले. पिशवीत शेतातला झेंडू आणि कुंकवाची पुडी. "ज्या मशीननं डोळा राखला तिला जरा लावू द्या की, बाई."

वर्षभर मी त्यांना चुकवत होते. रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं होतं, मॅडमनी त्यांना सिटिंग पुढे का गेलं तेही सांगितलं होतं. पण कुंकू कुणाच्या हातचं, हे नाही. मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं. सगळं. ड्रॉवरमधून तो माउस काढून पुढे ठेवला. काकांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्यात.

"आता साफ आहे," मी म्हटलं. "स्पिरिटनं चारदा पुसलाय."

काकांनी माउस उचलून उलटा केला. खिडकीकडे धरला. डावा डोळा मिटला आणि उजव्यानं आत पाहिलं.

"नाय, बाई. आजून हाय की. त्या भोकाच्या कडंला, वरच्या अंगाला."

मी चष्मा लावून पाहिलं. दिसेना. टॉर्च मारला, भिंग लावलं, तेव्हा दिसला. मोहरीपेक्षा बारीक, लाल ठिपका.

पुडी त्यांनी परत पिशवीत टाकली. झेंडू मशीनला वाहिला, लांबून. आणि मी त्याच आठवड्यात चष्म्याचा नंबर तपासून घेतला. वाढला होता.