माझी नोकरी ज्या गावाला गेली

नोकरी गेली असं सगळेच म्हणतात. माझी नेमकी कुठे गेली ते मला ठाऊक आहे. स्लोवाकियाच्या सरहद्दीवर, मोठ्या नदीच्या काठी एक लहानसं गाव आहे, तिथल्या एका तिशीतल्या बाईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेली. आपण अमेरिकनांची कामं पुण्याला नेतो, असं मी इतकी वर्षं ऐकत आले होते. आता अमेरिकेतल्या पार्सिपनीत बसून मीच हात चोळत होते. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी बरीच वर्षं सुपात होते, एवढंच.

मॅनेजरने गोड आवाजात सांगितलं, आठ आठवडे केटी द्यायची. केटी म्हणजे आपलं सगळं काम दुसऱ्याला शिकवायचं आणि मग आपण निघायचं. केटीत काही कमी पडलं तर माझा शेवटचा दिवस अलीकडे येणार होता. तो दिवस आला की पुढे साठ दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी मिळाली नाही तर देश सोडायचा. व्हिसा माझा, आणि नवरा अन् मुलगी त्याच व्हिसाला लटकलेले. मुलगी अकरावीत. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही अकरा वर्षं उभे, आणि नवरा म्हणे, "होईल गं काहीतरी." त्या वाक्याने माझ्या डोक्यात तिडीक जायची. काय होईल, कोण करेल, ते त्याने एकदा तरी सांगावं.

रोज सकाळी आठला मी लॅपटॉप उघडायची. तिच्याकडे तेव्हा दुपारचे दोन. पहिला आठवडा मी तिच्याशी धड बोललेही नाही. स्क्रीन शेअर केली, भराभर दाखवलं, "क्लिअर?" म्हटलं आणि बंद केलं. ती बापडी सगळं वहीत उतरवून घ्यायची, पेनाने. दुसऱ्या आठवड्यात एकदा सर्व्हर अडकला. अर्धा तास नुसतं बसायचं होतं. म्हणून मी विचारलं, तुझं गाव आहे तरी कसं.

विचारायला नको होतं. कारण ती सांगायला लागली आणि मला ते आवडायला लागलं.

नदीच्या अलीकडे त्यांचं गाव, पलीकडे हंगेरी, मध्ये पूल. गावात बहुतेक लोक घरी हंगेरियन बोलतात, ऑफिसात स्लोवाक. दुकानदार दोन्ही भाषांत नमस्कार करतो आणि गिऱ्हाईक कुठल्या भाषेत उत्तर देतं ते बघून पुढचं बोलतो. तिची आजी एकाच घरात जन्मली, त्याच घरात गेली आणि तेवढ्यात तिचे देश कितीदा तरी बदलले. झेंडा बदलला की आजी म्हणे आधी पडदे धुवायला काढायची. नवीन साहेब घर बघायला आले तर मळके पडदे दिसायला नकोत.

युद्धात पूल उडवला. युद्धानंतर कित्येक हंगेरियन कुटुंबांना बोचकी बांधून नदीपार धाडलं, त्यात आजीची थोरली बहीण गेली. पूल पुढे काही दशकं तसाच मोडका राहिला. आजीच्या घरातून बहिणीच्या गावाचं देऊळ, म्हणजे चर्च, स्पष्ट दिसायचं. पण भेटायचं तर परवानगीचे कागद आणि मोठा वळसा. मग दोघी रविवारी आपापल्या काठावर येऊन उभ्या राहायच्या. हाक ऐकू जायची नाही. एक चादर हलवायची, दुसरी हलवायची, आणि दोघी स्वयंपाकाला घरी.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता मी ब्रेड आणायला पलीकडे जाते," ती म्हणाली. "तिकडचा चांगला असतो. कोणी काही विचारत नाही."

मी कॅमेरा बंद केला आणि रडले. परत यायला व्हिसाचा शिक्का नाकारतील या भीतीने मी चार वर्षांत वडिलांना भेटायला गेले नव्हते, आणि ही बया ब्रेडसाठी देश ओलांडत होती.

गावातली कागद गिरणी कधीच बंद पडली होती. अर्धी गल्ली पहाटे पुलावरून पलीकडच्या मोटारींच्या कारखान्यात जायची. तिने इंग्रजी शिकून ही नोकरी मिळवली होती, आईला सोडून कुठे जावं लागू नये म्हणून. प्रोबेशनवर होती. हे तिनेच मला सांगितलं. मला सगळं माहीत होतं, हे लक्षात ठेवा.

आता माझं सांगते. आमचं काम दवाखान्यांच्या सामानाच्या ऑर्डरींचं. महिनाअखेरीला नवीन यादी निघायच्या आधी एक जुनी फाइल हाताने बाजूला काढावी लागते. नाही काढली तर गेल्या महिन्याच्या ऑर्डरी पुन्हा सुटतात. हे कुठेही लिहिलेलं नाही. सात वर्षं मी गुपचूप करत आले, कोणाला कळलंही नाही. शेवटच्या सेशनला तिने वही मिटली आणि विचारलं, "कागदावर नसलेलं काही राहिलंय का? आमच्या गावात महत्त्वाचं कधीच कागदावर नसतं."

मी म्हणाले, "नाही. एवढंच."

माझा हिशेब सरळ होता. महिनाअखेर येईल, घोळ होईल, कोणालाच काही सुधरणार नाही. मग मॅनेजर नाक मुठीत धरून मला फोन करेल. अडला हरी. सहा महिने जरी परत घेतलं असतं तरी मुलीची बारावी सुरू झाली असती.

शेवटच्या दिवसानंतर एकविसाव्या दिवशी महिनाअखेर होती. मी फोन हातातून सोडला नाही. आंघोळीला जाताना नवऱ्याच्या हातात देऊन गेले. वाणसामानाच्या दुकानात रिंग वाजली तर ऐकू यावी म्हणून कोथिंबिरीशी नुसती उभी राहिले. मुलीने विचारलं, "आई, आर वी गोइंग बॅक?" मी तिच्यावरच खेकसले.

चौथ्या दिवशी फोन आला. जुन्या टीममधल्या, मुंबईच्या मित्राचा.

"अगं, काय घोळ झाला यार. सगळ्या ऑर्डरी डबल. बाहेरची माणसं बोलावून दोन दिवसांत फिक्स केलं."

"आणि ती?"

"तिला काढलं. प्रोबेशनवरच होती ना."

"माझं नाव निघालं?"

"नाही गं, तुझं नाव कोणी काढलंच नाही. तू टेन्शन घेऊ नकोस."

त्याला वाटलं मला हायसं वाटेल. मला कोणी बोलावणार नव्हतं. बोलवायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. लिहिलं होतं, तुम्ही इतकं मनापासून शिकवलंत, मीच लिहून घेताना काहीतरी सोडलं असणार. वही दोनदा पहिल्यापासून वाचली, सापडत नाही. तुमचं सात वर्षांचं काम माझ्यामुळे बिघडलं, माफ करा. सोमवारपासून मी पुलापलीकडच्या कारखान्यात जाते आहे.

मी खुर्चीत बसून खरं ते लिहायला घेतलं. फाइलचं नाव लिहिलं. मग वाटलं, हे लेखी राहील. हिने कोणाला दाखवलं तर मला या देशात नोकरी कोण देणार? चौतीस दिवस अजून हातात होते.

मी सगळं पुसलं आणि लिहिलं, "होतं असं कधीकधी. मनावर घेऊ नकोस."

तिने लगेच आभार मानले.