कडीवरचं फडकं आणि जनरल शिफ्ट

लग्न होऊन मराठवाड्यातून काळेवाडीत आले, तेव्हा घरमालकीणबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमचं मालक जनरल हायती का शिफ्टात?" मला जनरल म्हणजे वही-पेनाचं दुकान एवढंच माहीत. मी आपली मान हलवली. कशाला, ते मलाही कळलं नाही.

ह्यांची कंपनी चाकणला. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. जनरल म्हणजे सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. ती ऑफिसातल्या लोकांची. तेव्हापासून मला त्या शब्दाचा नादच लागला. जनरल स्टोअर्समध्ये सुईपासून बादलीपर्यंत काय वाट्टेल ते मिळतं. जनरल डब्यात कुणीही घुसावं, जागा मात्र कुणाचीच नाही. डॉक्टर म्हणतात, "जनरल वीकनेस आहे," म्हणजे नेमकं काय झालंय ते त्यांनाही ठाऊक नसावं! डिक्शनरीत पाहिलं, तर सर्वसाधारण. अहो, मग सर्वसाधारण गोष्ट मिळायला आमची इतकी वर्षं का गेली?

आमच्या चाळीत नाइटवाला दिवसा झोपला की घरातली बाई कडीला फडकं बांधते. ते दिसलं की दार वाजवायचं नाही, जिन्यात पोरांनी आरडाओरडा करायचा नाही. आमचं फडकं पिवळं; फर्स्ट करून आल्यावर हे दुपारी झोपले तरी तेच. कुकरच्या शिट्टीच्या धास्तीनं मी डाळसुद्धा पातेल्यात शिजवायचे. आमची मुलगी त्यातच वाढली.

बाहेर ही पोरगी म्हणजे नुसता भोंगा. शाळेतून सारखी तक्रार, वर्गात बडबड फार करते. आणि हे मात्र काळजीत. एकदा डबा भरताना मला म्हणाले, "आपली पोर अबोल आहे गं. मला भिते का?" मला आधी हसू आलं, मग जीव तुटला. म्हटलं, "जनरल मिळू द्या, मग बघा."

यंदा ह्यांची बदली कंपनीतच, सामानाच्या स्टोअरला झाली आणि जनरल मिळाली एकदाची! मी फडकं सोडलं आणि त्यानंच ओटा पुसला. संध्याकाळी मुद्दाम कुकर लावला. म्हटलं, होऊ देत शिट्ट्या! पहिल्या शिट्टीला पोरगी धावत आली, गॅस बंद करायला.

जेवायला तिघं एकत्र बसलो. ती सरकत सरकत ह्यांच्या कानाशी गेली आणि कुजबुजली, "पप्पा, मला नाचात घेतलं."

"अरे वा! मग मोठ्यानं सांग की!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. "पण तुम्ही घरी आहात ना?"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "म्हणजे मी नसतो तेव्हा तू बोलतेस?"

"खूप," ती म्हणाली. तेही कुजबुजतच.