जिवंत माणसाचं तेरावं

ब्रह्मदेशाच्या लढाईत जखमी जवानांच्या अंगातल्या गोळ्या काढताना कॅप्टन उद्धवचं डोकं कधी तापलं नाही. ते तापलं मुदखेडच्या धर्मशाळेत.

निजामानं नुकतीच शरणागती पत्करली होती. फौजेचा डॉक्टर म्हणून नांदेडला आलेला उद्धव सुटलेल्या कैद्यांना तपासता तपासता धाकट्या भावाची, भुजंगची, चौकशी करायचा. तिरंगा लावला म्हणून पकडलेला भुजंग तुरुंगात पटकीनं गेला, असं घरून कळलं होतं. पण खात्री कुणालाच नव्हती. एक कैदी म्हणाला, "मेला कुठला? मुदखेडला हाय की. घरी जायला भितो."

भुजंग भिंतीला टेकून बसला होता. नुसती हाडं.

"घरी का गेला नाहीस?"

"काकांनी माझं तेरावं घातलंय, दादा. गावचा माणूस भेटला, त्यानं सांगितलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

"ज्यांनी घातलं, त्यांनी तोंड लपवावं." उद्धवनं त्याला उचलून जीपमध्ये बसवलं.

गावी, मुरुडला, अनंतरावकाका घराच्या दारातच आडवे आले. "पानांचा पुतळा करून दहन केलंय. शास्त्रानं हा मेला. आत यायचं तर पुन्हा जन्म घ्यावा लागेल. बारसं, मुंज, बायकोशी लग्न, सगळं नव्यानं. मुहूर्त काढू."

उद्धवनं भावाचं मनगट पुढं धरलं. "ही नाडी. बघा हात लावून."

"तुझी नाडी लष्करात दाखव."

"प्रेत कुणी पाहिलं होतं? निरोप आला की लगेच पुतळा. बंडखोराच्या घरावर निजामाची जप्ती येईल म्हणून मारलंत त्याला."

"तू नव्हतास इथं. रोज दारात कोण येऊन उभं राहायचं, ते आम्हालाच ठाऊक."

"करू दे, दादा," भुजंग पुटपुटला. "होईल बारसं."

तुरुंगात छड्या खाऊनही माफीनामा न लिहिणारा माणूस काकांपुढं मान खाली घालून उभा होता. उद्धवच्या अंगाची लाही झाली.

तेवढ्यात भुजंगची बायको, सौदामिनी, बाहेर आली. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी, हातात कुंकवाचा करंडा.

"विधवा करताना माझ्यासाठी कुणी मुहूर्त काढला नव्हता," ती म्हणाली. करंडा नवऱ्यापुढं धरला. "लावा."

भुजंगनं काकांकडं पाहिलं.

"त्यांच्याकडं काय बघता? मेलात तेव्हा विचारून मेला होतात का?"

त्यानं बोट बुडवलं. कपाळाला टेकवलं, कुंकू भुवईपर्यंत फिसकटलं. काका 'शिव शिव' म्हणत अंघोळीला विहिरीकडं निघाले.

"दोन घागरी जास्त ओता," उद्धव मागून म्हणाला. "जिवंत माणूस जाळलाय तुम्ही."

सौदामिनी नवऱ्याला हाताला धरून केव्हाच आत गेली होती.