वाळूतल्या दोन वाट्या

डिसेंबरातला दुसरा शनिवार. सांगलीच्या सहल कार्यालयात मॉरिशसच्या पाच रात्रींसाठी माणशी पंच्याण्णव हजार रुपये भरले. हजर तिघे: मी, पत्नी सुनंदा आणि तिचा धाकटा भाऊ पोपट. आम्हा नवरा-बायकोचे पैसे मीच देणार होतो, पण सुनंदाचा हिस्सा पोपटने आधीच भरून टाकला होता. तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून भेट, असं त्याचं म्हणणं. पोपटचा कोइमतूरला गलाईचा (सोने वितळवून शुद्ध करण्याचा) धंदा आहे. आमच्या विट्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यात परमुलखात आहेत. पैसा कसा जपावा हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यामुळे मला तेव्हाच शंका आली.

मुंबईहून विमान सहा तासांवर थोडं. उतरताना खिडकीतून समुद्र दिसेल म्हणून वाकून बघितलं, तर खाली ऊस. मैलोगणती ऊस.

“आवं, ऊसच बघायचा हुता तर वाळव्याला गेलो असतो की,” सुनंदा म्हणाली.

टॅक्सीवाल्याने मीटर लावला नाही. हॉटेलात तिजोरीची किल्ली दिली, पण तशी दुसरी किल्ली कोणाकडे असते हे नीट सांगितलं नाही. मी पासपोर्ट कमरेलाच ठेवले. जेवणाचं मात्र बरं झालं. तिथे गाडीवर दालपुरी मिळते. पुरणपोळीतला गूळ काढून घ्यावा आणि वर तिखट रस्सा घालावा, तशी लागते. पोपटने पाच खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो. फिलाओच्या (सुरूसारखी झाडं) सावलीत एक म्हातारा बसला होता. कानाला हेडफोन, शेजारी लांब दांड्याचं, खाली चकती असलेलं यंत्र. प्रवाशांच्या अंगठ्या, नाणी वाळूत पडतात, ती हे लोक यंत्राने हुडकतात. तो आमच्याकडेच बघत होता. मी पाकीट चाचपलं.

सुनंदा गुडघाभर पाण्यात उभी होती. एक लाट जरा मोठी आली, ती पडली, उठली आणि गळ्याला हात लावून ओरडली. मंगळसूत्र तुटलं होतं. मूठभर मणी हाताला लागले. दोन्ही वाट्या गेल्या, सासरची आणि माहेरची. निघताना मी म्हटलं होतं, खरं मंगळसूत्र लॉकरला ठेव आणि खोटं घाल. तिने ऐकलं नव्हतं.

आम्ही तिघं वाळू उपसत होतो, तोवर म्हातारा यंत्र घेऊन आलाच.

“मराठे तुमी? आमी पण मराठे. दामू राघोजी. पणजा रत्नागिरीचा.”

परदेशात आपल्या भाषेत गोड बोलणारा भेटला की मी सावध होतो. “सापडलं तर काय घेणार?” मी विचारलं.

“सापडू दे आधी.”

आधी भाव न सांगणारा माणूस मागाहून जास्त घेतो. पण सुनंदा रडत होती, म्हणून मी नुसती त्याच्या हातांवर नजर ठेवली. आधी बाटलीचं झाकण निघालं, मग एक गंजकी किल्ली. मग एक वाटी, माझ्या डोळ्यांदेखत. यंत्र पुन्हा वाजलं तेव्हा त्याने जाळीच्या फावड्यात वाळू घेतली, चार पावलं पाण्याकडे गेला आणि माझ्याकडे पाठ करून ती धुतली. परत आला तो दुसरी वाटी घेऊन. दोन्ही वाळूवर ठेवून त्याने त्यांच्यावरून यंत्र फिरवलं.

“हे सोनं. हे सोनं नाय. यंत्रावर आकडा वेगळा येतो.”

“पाठ करून काय केलंत?” मी म्हणालो. “बदललीत ना? खिसे दाखवा.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन्ही खिसे उलटे केले. झाकण, किल्ली, कागदात गुंडाळलेली अर्धी दालपुरी.

“दाजी, जाऊ द्या,” पोपट घाईने म्हणाला. “सोनंच हाय. बावीसचं. मशीनच बोगस हाय त्याचं.”

तेव्हा मला खटकलं. पोपट समुद्राकडे बघून बोलत होता. गलाईवाला माणूस सोनं हातात घेतो, उजेडात धरतो, कसाला लावतो आणि मग तोंड उघडतो. सख्ख्या बापाच्या अंगठीलाही तो न बघता बावीसची म्हणणार नाही.

“पोपट, वाटी हातात न घेता कसं सांगितलंस?”

यंत्राने नाकारलेली वाटी माहेरची होती. लग्नात ती पोपटने दिली होती, कोइमतूरहून स्वतः आणून.

“त्याला कशाला इचारताय?” सुनंदा डोळे पुसत म्हणाली. “तांब्याची हाय ती. दुसऱ्याच वर्षी तांबं दिसाय लागलं. दर दिवाळीला मी सोन्याचा मुलामा देऊन आणती.”

“आक्का, तुला ठावं हुतं?”

“तवा अठरा वर्सांचं पोरगं तू, भट्टीवर नवीन. तुला पगार किती, मला कळत न्हवतं व्हय रं?”

“ह्या खेपेला इथंच सांगणार हुतो,” पोपट म्हणाला. “म्हणून तर तुजं तिकीट काढलं.” सुनंदाने ओल्या पदराने त्याचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

दामू राघोजी तसाच उभा होता. “खिसे आत घालू आता?” त्याने मला विचारलं.

मी हात जोडले. त्याने तिकडचे पाचशे रुपये घेतले, एका वाटीचे. दुसरीचे मी पुढे केले तर म्हणाला, “ते सोनं नाय,” आणि यंत्र खांद्यावर टाकून चालू लागला.

आम्ही परतल्यावर आठ दिवसांत कोइमतूरहून बावीस कॅरटची नवी वाटी आली. सुनंदाने ती पोपटच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवून दिली आणि जुनीच घेऊन विट्याच्या सोनाराकडे निघाली. मीही गेलो. सोनाराने मला पाहून चष्मा वर केला.

“वहिनी, यंदा साहेबास्नी घेऊन आलासा व्हय?”

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. दरवर्षीचे हे पैसे घरखर्चातून जात होते आणि माझ्या हिशेबात कधी दिसले नव्हते. मणी ओवणाऱ्या पटवेकऱ्याला दोनशे चाळीस रुपये दिले. मुलाम्याचे साडेतीनशे सोनाराला. ते यंदा मी दिले.