स्वयंपाकघरातली ट्यूब

लग्नानंतर कितीतरी वर्षं मी आमच्या घरात एका ट्यूबला भिऊन होते. ट्रकच्या चाकाची जुनी ट्यूब. नंदनवन वस्तीतल्या आमच्या अंगणात नवऱ्याने दोन पिंपं बसवली होती. उरलेला भात, शिळ्या पोळ्या, भाजीची देठं असलं सगळं शेणाच्या पाण्यात कालवून तो त्यात कुजवायचा. निघालेला गॅस ट्यूबमध्ये साठवायचा, फुगलेली ट्यूब स्वयंपाकघरात आणायची, नळी शेगडीला जोडायची आणि दाब यावा म्हणून वर दगडी पाटा ठेवायचा. स्वयंपाक करताना माझी पाठ सारखी त्या ट्यूबकडे असे आणि अर्धं लक्षही तिकडेच.

"फुटली तं?" मी विचारायची.

"काहून फुटन वं? उगाच भेऊन राहिली तू!" तो हसायचा. माझा जीव टांगणीला आणि याला हसू!

त्या सकाळी तो कामावर गेला होता. पाळी आल्यामुळे मी ओसरीत बाजूला बसले होते. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सासूबाई सोवळ्यात देवापुढे बसल्या होत्या आणि माझी लहानगी ट्यूबवर उड्या मारत होती. मी तिला दटावणार, तेवढ्यात नळी सुटली. फुस्स झालं आणि कुजका वास थेट ओसरीत आला. सासूबाईंना त्या वासाची सवयच झाली होती, शिवाय त्या कानांनी अधू. त्यांनी निरांजनासाठी आगपेटी उचलली.

"आत्याबाई, काडी नका ओढू!" मी सासूबाईंना ओरडून सांगितलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. मला तर उंबरा ओलांडायचीही बंदी. तशीच धावले आणि त्यांचं मनगट धरलं. काडी न पेटताच खाली पडली.

"शिवली न वं मले!" त्या किंचाळल्या. "देव बाटवला सारा!"

मी ट्यूबकडे बोट दाखवलं. पोरगी अजून उड्या मारतच होती.

सासूबाईंनी ट्यूबकडे पाहिलं, मग हातातल्या आगपेटीकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नातीला काखोटीला मारून, मला हाताला धरून ओढत त्या अंगणाच्या पार टोकाला गेल्या.

तिथे गेल्यावर मला भान आलं. मी हात सोडवू लागले. माझ्यामुळे त्यांना पुन्हा आंघोळ करावी लागणार होती.

"सोडू नको वं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.