बारा माग थांबले आणि मी गेलो

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मी वारलो. त्या वेळी मी एका जपानी ॲनिमे मालिकेचा, म्हणजे कार्टूनचा, पहिला भाग पाहत होतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे.

मी एका दैनिकात सव्वीस वर्षं उपसंपादक होतो. त्यातली बरीचशी निधनवार्तांच्या टेबलावर गेली. मयताच्या घरून खात्री करून घेतल्याशिवाय मी एकही ओळ छपाईला सोडली नाही. माझ्या बाबतीत मात्र ही तसदी कुणी घेतली नाही.

माझी मुलगी ऋता पुण्यात असते. परदेशी मालिकांना मराठी ओळी लावणाऱ्या एका स्टुडिओनं तिला नमुन्यादाखल चोवीस मिनिटांचा एक भाग दिला होता. पडद्याखाली दिसणारे संवाद तिनं लिहिले होते. शिवाय ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी आवाजांच्याही ओळी होत्या : ‘दूरवर घंटा वाजते’, ‘गवत सळसळते’ वगैरे. नमुना पसंत पडला तर उरलेले अकरा भाग आणि नोकरी, दोन्ही तिला. मुदत त्याच दिवशी चार वाजेपर्यंत.

“बाबा, एकूणएक आवाज तपासा,” ती फोनवर म्हणाली. “आणि शेवटी तुमचं पहिलं मत लिहा, चार ओळीत. स्टुडिओला अगदी नवख्या माणसाचं मत हवंय.”

“विषय काय आहे?”

“विषय असा नाही. शांत आहे. स्वप्नासारखं.”

“पण घडतं काय?”

“बाबा, त्यात काही घडत नाही!”

असा मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी तो आल्या पावली परत पाठवला असता. पण लेकीच्या नोकरीचा प्रश्न होता. मी वही-पेन घेऊन लॅपटॉपसमोर बसलो.

धुक्यातलं एक गाव. एक मुलगी कंदील घेऊन डोंगराच्या पायऱ्या चढते. सहा मिनिटं चढते. मग बसते. मग उठून पुन्हा चढते. मी वहीत नोंद केली : ‘एक घर आपोआप डावीकडे सरकले. कारण दिलेले नाही.’

खाली ओळ आली, ‘दव पडते.’

इथं काम अडलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. आमच्या भिंतीला लागून नरसय्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. बारा यंत्रमाग. बारा मागांच्या शेजारी बसून मला दव पडल्याचा आवाज तपासायचा होता! कानाला हेडफोन लावले. तेव्हा माग जमिनीतून खुर्चीत आणि खुर्चीतून माझ्यात येऊ लागले.

मी नरसय्यांकडे गेलो आणि ओरडलो, “चोवीस मिनिटं माग बंद कराल का?”

“काय झालं साहेब?”

“ऋताच्या नोकरीचं काम आहे! मला दव ऐकायचंय!”

“काय ऐकायचंय?”

“दव!”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुमी घरी जावा,” ते मऊ आवाजात म्हणाले. “निवांत पडा. करतो बंद.”

मी घरी आलो, दार लोटलं, पडदे ओढले, मोबाइल बंद केला. माग थांबले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गल्लीत माग तीनच कारणांनी थांबतात : वीज गेली, सुट्टी असली किंवा गल्लीत कुणी गेलं. त्या दिवशी सुट्टी नव्हती. घरोघरी पंखे फिरत होते. गल्लीनं वर पंख्याकडे पाहिलं आणि पायात चपला घातल्या.

कामगारांनी नरसय्यांना विचारलं, तर ते एवढंच म्हणाले, “साहेबांच्या घरचं हाय. कुणी आवाज करू नका.” आणि माग बंदच आहेत तर दोन घास खाऊन घेऊ म्हणून नरसय्या जेवायला निघून गेले.

मी इकडे कंदीलवाल्या मुलीच्या मागोमाग पायऱ्या चढत होतो. आवाज नीट कळावेत म्हणून डोळे मिटले, मान मागं टाकली. झोप नक्की किती वाजता लागली याची नोंद वहीत नाही.

माझी बायको सुनंदा भाजी घेऊन परतली तेव्हा दारात पंधरा माणसं उभी होती. सगळ्यात पुढं गुरव्वाक्का. गल्लीतल्या प्रत्येक अंत्ययात्रेची व्यवस्था याच बघतात. सुनंदाच्या हातातली पिशवी काढून घेत त्या म्हणाल्या, “अय्यो, बाई! धीर धर. साहेब गेले.”

“कुठं?” सुनंदानं विचारलं.

अक्कांनी वर बोट केलं.

“अहो, त्यांना मी गॅसवरच्या दुधाकडं बघायला सांगितलं होतं!” असं म्हणत सुनंदा आधी स्वयंपाकघरात धावली. (हे तिनं स्वतःच मला नंतर सांगितलं. दूध उतू गेलं होतं. तिच्या मते मी गेल्याचा तोच पहिला ठोस पुरावा.)

बाकीची मंडळी माझ्या खोलीत आली. अंधार. खुर्चीत मी, तोंड उघडं, कानाला काहीतरी लावलेलं. समोरच्या पडद्यावर धुकं, आणि धुक्यातून पांढऱ्या झग्यातला एक म्हातारा नाव वल्हवत चाललेला. दोघातिघांनी पडद्याला हात जोडले.

एवढ्यात हात न धुताच नरसय्या धावत आले. “आत्ता तर बोलले की माझ्याशी! दव ऐकायचंय म्हणाले!”

“जाताना मानसाला असलंच कायतरी ऐकू येतंय बघ,” अक्का म्हणाल्या. “तुळशीचं पान आणा. पानी आणा.”

पान आलं. पाणी आलं. कुणीतरी माझी मान सरळ करायला गेलं, तेव्हा हेडफोनची वायर निघाली आणि मालिकेचा आवाज खोलीत घुमू लागला. घंटा वाजली. त्याच क्षणी अक्कांनी चमच्यानं माझ्या तोंडात पाणी सोडलं. मला जोराचा ठसका लागला आणि मी ताडकन उठून बसलो.

मृत्यूनंतरचं माझं पहिलं वाक्य जसंच्या तसं देतो : “घंटा कितीदा वाजली?”

पंधरा माणसं भिंतीला टेकली. फक्त नरसय्या जागचे हलले नाहीत. “दोनदा,” ते म्हणाले. “खाली एकदाच लिवलंय.”

“गेला न्हाईस तर तसं सांगायचं की!” अक्का माझ्यावरच खेकसल्या. तुळशीचं पान अजून माझ्या जिभेवर असल्यानं मला खुलासा देता आला नाही.

तेवढ्यात नरसय्यांचा फोन वाजला. ऋता होती. बातमी पुण्यापर्यंत गेली होती. “काका, बाबा...”

“न्हाय गं, बसलेत की हितं. पान चावत.”

मग आवाज एकदम बदलला. “बसलेत? मग फाइल तपासून झाली का? साडेतीन वाजले काका! त्यांना विचारा!”

झाली नव्हती. वहीत एका सरकलेल्या घराखेरीज काही नव्हतं. नरसय्यांनी एक स्टूल ओढलं. “सुरवातीपास्नं लावा,” ते म्हणाले. “बारा माग चालताना एक दोरा तुटला तर मला कळतंय. तुमी नुसतं लिवा.”

आलेली मंडळी सतरंजीवर बसली. सांत्वनाला आल्यावर बोलायचं नसतं, त्यामुळं शांततेत कुणाला काही वेगळं वाटलं नाही. अक्कांनी एकदाच विचारलं, “ही पोरगी चाललीय कुटं?”

“कुठंच नाही.”

“मग तिच्या घरात कुनी इचारत न्हाय व्हय?”

‘गवत सळसळते’ ही ओळ आली आणि नरसय्यांनी हात वर केला. “गवत न्हवं. कापड हाय. सुती. पोरीच्या झग्याचा काठ पायरीला घासतोय.” मी मागं नेऊन पाहिलं. चित्रात गवताची काडीही नव्हती. पुढं ‘पूर्ण शांतता’ आली. “खोटं! पानी ठिबकतंय.” मी इमानदारीनं लिहून घेतलं.

“तो आपल्या मोरीतला नळ आहे,” स्वयंपाकघरातून सुनंदा म्हणाली. “चार महिने झाले सांगतेय.” मी ते खोडलं.

चाराला तीन मिनिटं कमी असताना दुरुस्त्या गेल्या. पहिल्या मताच्या चार ओळी राहिल्या होत्या. मी मंडळींकडं वळलो आणि अक्का जे म्हणाल्या ते उतरवून धाडलं : ‘काही कळलं नाही. कुणी मेलं नाही. बरं वाटलं. परत बघेन.’

(वळसंगहून माझा मेहुणा टेम्पोत नऊ माणसं घालून निघाला होता. मी जिवंत असल्याचं कळल्यावर म्हणाला, “आता निघालोच हाय तर येतो की.” ती नऊ माणसं रात्री आमच्याकडेच जेवली.)

ऋताला काम मिळालं. स्टुडिओनं कळवलं की ओळी चांगल्या आहेतच, पण आवाज ज्यांनी तपासले त्यांचे कान असाधारण आहेत. उरलेले अकरा भागही त्यांनीच तपासावेत. मी होकार लिहायला बसलो होतो, तेवढ्यात ऋतानं नरसय्यांचं नाव कळवूनही टाकलं.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी चोवीस मिनिटं माग थांबतात. माझ्या खुर्चीत, माझे हेडफोन लावून नरसय्या बसतात आणि माझ्या वहीत लिहितात. माझ्याकडं एकच काम उरलंय : दारात खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, की कुणी गेलेलं नाही, मी हा इथं जिवंत आहे. सुनंदाचं म्हणणं, नुसतं सांगून लोकांना पटत नाही. मधूनमधून थोडी हालचालही करत जा.